काळी माती, पांढरं धोतर आणि कॅमेऱ्याचा राखाडी हिशोब

फोटोग्राफी शिकायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कॅमेरा कोणता घेऊ? दुसरा येतो, लेन्स कोणती? हे दोन्ही प्रश्न महिनाभर बाजूला ठेवले तरी काही बिघडत नाही. हातात आहे तो कॅमेरा, मग तो मोबाइलचा का असेना, उजेड मोजतो कसा आणि मोजताना चुकतो कुठे, हे आधी कळलं पाहिजे. मराठवाड्यात तर ते पहिल्याच दिवशी कळावं लागतं. आपल्याकडचे अर्धे विषय एकतर काळे नाहीतर पांढरे. नांगरलेली काळी रेगूर जमीन, वेरूळचा काळा पाषाण, फुटलेला कापूस, धोतर-टोपीतले आजोबा, बीबी का मकबऱ्याचा घुमट. आणि कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, काळंही कळत नाही आणि पांढरंही.

हे नुसतं वाचून पटत नाही. घरीच करून बघा. शाळेची एक काळी पाटी घ्या आणि एक धुतलेलं पांढरं धोतर. धोतराची चार पदरी घडी घाला, नाहीतर खालची फरशी आरपार दिसते. दोन्ही वस्तू ओसरीत ठेवा, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा जागी. कॅमेरा ‘ए’ मोडवर (कॅननवर हाच ‘एव्ही’; यात अॅपर्चर आपण ठरवतो, शटर कॅमेरा), आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) ४००, अॅपर्चर (लेन्समधलं भोक) एफ ५.६, फ्लॅश बंद, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) शून्यावर. आता पाटीच्या इतकं जवळ जा की चौकटीत फक्त काळा भाग राहील, लाकडी कड दिसता कामा नये. कोऱ्या पाटीवर ऑटोफोकस पुढे-मागे हुडकत बसतो, कारण त्याला धरायला कडच सापडत नाही. म्हणून पेन्सिलीने मधोमध एक रेघ ओढा आणि तिच्यावर फोकस धरा. फोटो काढा. मग तसाच धोतराचा.

दोन्ही फोटो शेजारी-शेजारी बघा. पाटी धुरकट राखाडी आली असेल आणि धोतरही मळकट राखाडी. दोन्ही जवळजवळ एकाच छटेचे.

कॅमेरा बिघडलेला नाही. वस्तूवरून परतून आलेला उजेड तेवढा त्याला दिसतो, ती वस्तू मुळात काळी की पांढरी हे कळायचा त्याला मार्ग नाही. म्हणून समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारं आहे, असं तो धरून चालतो. पाटी त्याहून खूपच कमी उजेड परत पाठवते. मग मीटर म्हणतो, इथे अंधार आहे, आणि फोटो उजळवतो. धोतर कितीतरी जास्त पाठवतं, तर म्हणतो उजेड फार झाला, आणि फोटो दाबतो.

आता एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबून चाक फिरवा. बहुतेक कॅमेऱ्यांवर चाकाचे तीन खटके म्हणजे एक स्टॉप, उजेड मोजायची एक पायरी. धोतरासाठी पाच खटके अधिककडे, म्हणजे +१.७. पाटीसाठी पाच खटके उण्याकडे, −१.७. धोतर पांढरं होईल आणि त्याची वीणही दिसेल, पाटी काळी होईल. मोबाइलवर आकडे दिसत नाहीत, पण सोय तीच आहे. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड जागच्या जागी बांधला जातो, मग शेजारच्या सूर्याच्या खुणेवरून बोट वर-खाली सरकवायचं.

पांढऱ्याला वाढवायचं, काळ्याला कमी करायचं. पहिल्यांदा हे उलटं वाटतं. लख्ख पांढऱ्या घुमटासमोर अजून उजेड वाढवायला हात धजावत नाही. म्हणूनच पाटी-धोतराचा प्रयोग एकदा नाही, चार-पाच वेळा करावा, हाताला सवय होईपर्यंत.

चौकटीत काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण किती आहे यावर आकडा ठरतो. मकबरा आणि निळं आकाश असेल तर +०.७ पुरतं, कारण आकाश मधल्या छटेचं असतं. कपाशीच्या अख्ख्या रानाचा फोटो काढताना पांढरी बोंडं थोडी आणि पानं-काड्याच जास्त दिसतात, तिथे मीटर बरोबर सांगतो. पण एकच फुटलेलं बोंड जवळून चौकटभर घेतलं की +१ लागतंच. आणि पेरणीआधीच्या ओल्या काळ्या रानात पांढऱ्या धोतरातले आजोबा लांबवर उभे असतील तर मीटर रान बघतो, आजोबा नाही. रान करडं होतं आणि धोतराच्या जागी नुसता कोरा डाग उरतो. तिथे −१ ते −१.३.

तो कोरा डाग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून येत नाही. अंधारात दडलेला तपशील थोडाफार वर काढता येतो, उजेडात जळालेला परत मिळत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूत ‘हायलाइट’ची लुकलुक चालू करून ठेवा: जळालेला भाग फोटो बघताना उघडझाप करतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, तोही बघायला शिका. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर तेवढा तपशील गेला. मागच्या पडद्यावर नुसत्या डोळ्यांनी विसंबू नका. आपल्या उन्हात तो पडदा अंधारलेला दिसतो, माणूस उजेड वाढवत जातो, आणि घरी येऊन बघावं तर सगळे फोटो फटफटीत. रात्री याच्या उलट होतं. डोक्यावर उपरणं किंवा टॉवेल घेऊन पडदा बघणारे फोटोग्राफर दिसतात ते यासाठीच.

आता स्टॉप म्हणजे काय ते. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप घटला. ही एकच भाषा तिन्ही चाकांना लागू आहे. शटर, म्हणजे उजेड आत येऊ द्यायचा वेळ, १/२५० सेकंदावरून १/१२५ वर आणलं की उजेड दुप्पट. आयएसओ २०० वरून ४०० केलं की फोटो तेवढाच, म्हणजे दुपटीने उजळ. अॅपर्चरचे आकडे मात्र पाठच करावे लागतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. आकडा मोठा तितकं भोक लहान, आणि या ओळीतल्या प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. आकडे दुपटीने का वाढत नाहीत? कारण आकडा भोकाच्या व्यासावर ठरतो, उजेड मात्र त्याच्या क्षेत्रफळावर.

कडक उन्हासाठी फिल्मच्या काळापासूनचा एक ठोकताळा आहे आणि मराठवाड्यात तो वर्षातले आठ महिने कामी येतो. निरभ्र आकाश, सूर्य बराच वर आलेला, विषयावर समोरून ऊन: अॅपर्चर एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० तर १/१००. त्याच उजेडात एफ ८ हवं असेल तर भोक दोन पायऱ्या उघडलं, म्हणून शटर दोन पायऱ्या जलद, १/४००. हा हिशोब तोंडी जमू लागला की मीटर चुकतोय हे फोटो काढण्याआधीच कळतं.

शटरचं दुसरं काम हालचाल थांबवणं. हात हलून फोटो बिघडू नये म्हणून शटर निदान लेन्सच्या मिलिमीटरइतकं तरी जलद हवं. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स ५५ वर असेल आणि सेन्सर एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीहून लहान) असेल तर दीडपट धरा, ८२, म्हणजे १/१००. लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर याहून खाली जाता येतं, पण ते फक्त आपल्या हाताची थरथर झेलतं, समोरच्या बैलाची चाल नाही. पोळ्याला वेशीतून सजवलेले बैल निघतात तेव्हा १/५०० लागतं, उधळलेल्या गुलालाचे कण हवेत टिपायचे तर १/१०००. संध्याकाळ उतरलेली असते, उजेड कमी पडतो, मग आयएसओ १६०० करा. आयएसओ वाढवायला नवशिके फार घाबरतात. फोटोत दाणे दिसले तरी फोटो पाहवतो, हललेला फोटो मात्र कुणालाच पाहवत नाही. शिवाय आयएसओ कमी ठेवून फोटो अंधारा काढला आणि मग संगणकावर उजळवला, तर दाणे कमी होत नाहीत, उलट जास्त उठतात.

अॅपर्चरचं दुसरं काम म्हणजे पुढचं-मागचं किती स्पष्ट दिसावं ते ठरवणं. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, एपीएस-सी कॅमेरा, माणूस दीड मीटरवर: स्पष्टतेची खोली जेमतेम सहा-साडेसहा सेंटीमीटर येते. म्हणजे डोळा स्पष्ट आणि कान धूसर. त्याच जागी एफ ५.६ वर ती साधारण वीस सेंटीमीटर होते, अख्खं डोकं बसतं. नवी ५० ची लेन्स आली की सगळे एफ १.८ वरच अडकतात आणि मग फोटो ‘शार्प येत नाही’ म्हणून लेन्सला बोल लावतात. मधला फोकस बिंदू डोळ्यावर धरून मग चौकट बाजूला सरकवली, तर त्या सरकण्यातच दोन-तीन सेंटीमीटर निघून जातात. फोकसचा एकच बिंदू निवडा, तो बिंदूच डोळ्यावर नेऊन ठेवा, आणि दोन डोळ्यांतला जवळचा डोळा धरा.

उंबरठ्यावरचा उजेड

मे महिन्यात आपल्याकडे सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो. महिन्याच्या मध्यापासून पुढच्या आठवडाभरात लातूरपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत एकेका गावाला शून्य सावलीचा दिवस येऊन जातो. भर दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखाली असते आणि डोळ्यांच्या खोबणीत दोन काळे खड्डे पडतात. अशा वेळी अंगणात उभं करून कुणाचा फोटो काढू नये. पण दुपार वाया घालवायचीही गरज नाही, कारण जुन्या माळवदाच्या घरांचा उंबरठा म्हणजे आयता स्टुडिओ आहे.

माणसाला दाराच्या आत साधारण हातभर उभं करा, तोंड बाहेरच्या बाजूला. छताची सावली डोक्यावर आलेली, आणि अंगणातल्या तापलेल्या मातीवरून परतलेला मऊ उजेड खालून-समोरून चेहऱ्यावर पडलेला. हनुवटीखालची सावली निवळते, डोळ्यांत दाराच्या चौकटीचं लहानसं चमकतं प्रतिबिंब येतं. पाठीमागे घरातला अंधार, म्हणून पार्श्वभूमी आपोआप काळी. फोटो काढणाऱ्याने अंगणात उभं राहायचं, पण दारासमोर बरोबर मधोमध नाही, थोडं कडेला, नाहीतर आपलीच सावली किंवा पांढरा शर्ट उजेडात ढवळाढवळ करतो. आयएसओ ४००, एफ ४, आणि शटर १/२०० च्या आसपास येतंय का बघा. इथेही मीटर फसतो. मागचा अंधार बघून उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो. −०.७ ने सुरुवात करा, कपाळ आणि नाकाचा शेंडा लुकलुकतोय का ते बघून आणखी कमी करा.

माणूस अर्धं पाऊल पुढे आला तर कपाळावर उन्हाची पट्टी पडते, दोन पावलं मागे गेला तर डोळ्यांतली चमक विझते. या हातभर जागेत एकेक वीत पुढे-मागे करून दहा फोटो काढले की उजेडाबद्दल जेवढं समजतं तेवढं समजायला महागडी लेन्स लागत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सावळा चेहरा सावळाच दिसला पाहिजे. मोबाइलचा ब्यूटी मोड बंद करा. उन्हात राबलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग मीटरच्या मधल्या छटेच्या आसपास किंवा त्याहून थोडा गडद असतो. तो पिठूळ गोरा करून टाकला की सुरकुत्या, घाम, कातडीचा पोत सगळं पुसलं जातं आणि माणूस ओळखू येईनासा होतो. आणि फोटो काढण्याआधी विचारा. “मावशी, एक फोटो काढू का?” एवढंच. नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली.

काढलेला फोटो त्यांना छापून नेऊन द्यावा. ४ बाय ६ इंची छापील फोटोला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही नाहीत. कुठल्याही मोबाइलला ते जमतं. पण मोबाइलचा फोटो चार-तीन प्रमाणात असतो आणि कागद तीन-दोन प्रमाणात, म्हणून लॅबमध्ये आडवा फोटो वरखाली कापला जातो आणि उभा दोन्ही बाजूंनी. आडव्या फोटोत डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडा, नाहीतर टोपीचा शेंडा जातो. लॅबला व्हॉट्सअॅपवरून पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो.

गोधूळ

दुसरी वेळ संध्याकाळची. गुरं घरी परततात, खुरांनी उडवलेली धूळ हवेत तरंगते आणि मावळतीचं तिरपं ऊन तिच्यातून येतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आधीच मावळतो, मे-जूनमध्ये सातच्या सुमारास. त्याआधीचा पाऊण तास हाताशी असतो. सूर्य पाठीमागे ठेवून काढलेल्या फोटोत ही धूळ दिसतच नाही. सूर्याच्या दिशेला तोंड करायचं, आणि सूर्यबिंब स्वतः झाडामागे किंवा बैलाच्या वशिंडामागे लपवायचं. लेन्सवर हूड (पुढे लावायची सावलीची कडी) हवाच, नसेल तर डाव्या हाताच्या पंजाने लेन्सवर सावली धरा, तो पंजा चौकटीत येत नाही ना एवढं बघा. काचेवर बोटाचा एक ठसा असला तरी अख्खा फोटो दुधाळ होतो. मोबाइलवर तर हमखास, म्हणून आधी सुती कापडाने पुसा. शटर १/५००, कॉम्पेन्सेशन −१, आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ‘डेलाइट’वर. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा हा सोनेरी रंग दोष समजून काढून टाकतो.

रंगांबद्दल आणखी थोडं. हिंगोली-वसमतकडे हळद वाळत घातलेली असते, पोळ्याला आणि यात्रेत गुलाल असतो. असे भडक रंग एकरंगी हिस्टोग्रामला फसवतात. एकूण उजेड ठीक दिसतो पण लाल रंगाची वाहिनी आधीच भरून वाहिलेली असते, आणि गुलालाने माखलेला चेहरा सपाट गुलाबी गोळा होतो. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून लाल बघा, आणि ०.७ ते १ स्टॉप कमी काढा. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे शिवारात कडब्याच्या कोपीजवळ जेवणं होतात, तिथे हिरव्या ज्वारीतून परतलेला उजेड चेहऱ्यांवर हिरवट झाक आणतो. त्यासाठी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, फोटो काढलेला बरा. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर निवांत बदलता येतो, जेपीजीमध्ये कॅमेऱ्याने घेतलेला निर्णय बराचसा पक्का होऊन बसतो. रॉ फाइल मोठी असते, ३२ जीबीचं कार्ड लवकर भरतं, एवढाच तोटा.

लेण्यांत

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी तिथे पोचून कैलास लेणं अंधारं आलं म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. दर्शनी भागावर आणि ओसऱ्यांत ऊन यायला दुपार कलावी लागते. तिन्ही बाजूंनी उभे कडे असल्यामुळे अर्धं अंगण उन्हात आणि अर्धं गडद सावलीत असं दृश्य सारखं समोर येतं, आणि दोन्ही एका फोटोत बसत नाहीत. एक निवडा. उन्हातली मूर्ती हवी तर सावली काळी जाऊ द्या. काळा पाषाण चौकटभर असला की −०.७ ते −१, नाहीतर दगड सिमेंटसारखा दिसतो. मूर्तीला समोरून सपाट उजेड असेल तर कोरीवकाम मरतं, बाजूने घासत गेलेल्या उन्हात प्रत्येक दागिना उठून येतो. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी.

अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मग हातातच काम करायचं: एफ १.८ किंवा लेन्सचा असेल तो सर्वांत लहान आकडा, आयएसओ ३२००, गरज पडली तर ६४००, शटर १/३०. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा, कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास अर्धा सोडून थांबा आणि बटण अलगद दाबा. तीन-चार फोटो सलग काढले की त्यातला एक स्थिर निघतो. भिंतीला किंवा खांबाला टेकू नका. अंगाचा घाम आणि घर्षण त्या रंगांना आणि गिलाव्याला बाधतं.

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४४ मध्ये नेमला गेला. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला आणि लेण्यांचे फोटो काढले. त्याने वर्षानुवर्षं खपून रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. आपल्या फोटोंची प्रत एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि दुसरी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फॉरमॅट कॅमेऱ्यातूनच करा, आणि लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढू नका, तेव्हा लिखाण चालू असतं.

धूळ, बुरशी आणि जुना कॅमेरा

फुफाट्यात आणि गुलालात लेन्स बदलू नये. बदलावीच लागली तर कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून झटपट बदला. यात्रेला जाताना प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून लेन्स बाहेर काढा आणि रबरबँडने बांधा. काचेवर गुलाल बसला तर आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग ब्रश, आणि शेवटी मायक्रोफायबरचं कापड. ओल्या कापडाने थेट पुसलं की गुलालाचा चिखल होतो आणि बारीक कण काच घासतात. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब काचेवर वाळतात.

पावसाळ्यात वेगळंच संकट. कपाटातल्या चामडी बॅगेत कॅमेरा चार महिने पडून राहिला की लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात शंभरेक ग्रॅम सिलिका जेल टाकून त्यात कॅमेरा ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवट, की ते ओले झाले. ते मंद आचेवर भाजून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाचा तवा त्यासाठी वापरू नका. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. तांदळाने दमट हवा फारशी कोरडी होत नाही, आणि त्याची पिठी लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन बसते.

वापरलेला कॅमेरा घ्यायला काहीच हरकत नाही, उलट शिकायला तोच बरा. घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून बघा, जाळी दिसली तर नको. एफ २२ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. धूळ साफ होते, पण किंमत त्या हिशोबाने बोला. शटर किती वेळा उडालं आहे तो आकडा विचारा. आणि निकॉनच्या ३००० किंवा ५००० मालिकेतला कॅमेरा घेत असाल तर ध्यानात ठेवा, त्यात फोकसची मोटर कॅमेऱ्यात नसते. जुनी ५० ची ‘एएफ डी’ लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर तिचा फोकस हातानेच फिरवावा लागेल. ‘एएफ-एस’ लिहिलेली बघून घ्या.

नांगरामागचा बगळा

आता पाटी आणि धोतर एकाच चौकटीत आणू. रानात नांगर किंवा ट्रॅक्टर चालू असला की मागे बगळे उतरतात, उलटलेल्या मातीतले किडे वेचायला. काळ्याभोर ढेकळांवर शुभ्र पाखरू, आणि पुढच्या क्षणी तेच आकाशात. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा इथे दोन्हीकडून फसतो. बगळा जमिनीवर असताना मीटर माती बघून उजेड वाढवतो आणि पिसं जळतात. तो उडाला की मीटर आकाश बघून उजेड घटवतो आणि पिसं राखाडी होतात. पक्षी तोच, त्याच्यावर पडणारं ऊनही तेच, बदलली ती फक्त पार्श्वभूमी. म्हणून इथे ‘एम’ मोड, ज्यात शटर आणि अॅपर्चर दोन्ही आपणच ठरवतो.

सकाळी नऊच्या सुमारास, लख्ख ऊन, सूर्य आपल्या पाठीशी. आयएसओ २००. उन्हाच्या ठोकताळ्याने एफ १६ ला १/२००, म्हणजे एफ ८ ला १/८००. पिसं पांढरी आहेत आणि त्यांचा तपशील राखायचा आहे, म्हणून आणखी दोन खटके जलद, १/१२५०. इतक्या शटरला पंखांची फडफडही थांबते. फोकस सलग पाठलाग करणाऱ्या प्रकारावर, म्हणजे निकॉनवर ‘एएफ-सी’, कॅननवर ‘एआय सर्वो’. मीटरचा काटा जमिनीवर रोखताना डावीकडे जाईल, जाऊ द्या. पहिले दोन फोटो काढून बगळ्याची छाती मोठी करून बघा. लुकलुकत असेल तर १/१६००. नसेल तर चाकाला पुन्हा हात लावू नका, बगळा मातीवर असो, बांधावर असो की आकाशात. हात लावायचा तो फक्त सूर्यावर ढग आला की, आणि तेव्हा शटर किती खटके मंद करायचं ते ढगाच्या जाडीवर: सावल्यांच्या कडा नुसत्या मऊ झाल्या असतील तर तीन, सावलीच नाहीशी झाली असेल तर सहा ते नऊ.